कलमा अर्ध्यावर थांबवला आणि शीर गेलं: औरंगजेबाच्या दिल्लीतल्या सरमदची गोष्ट

इस्लामचा कलमा म्हणजे एकच छोटं वाक्य. अल्लाहशिवाय दुसरा ईश्वर नाही आणि मुहम्मद हे त्याचे प्रेषित आहेत, असा त्याचा अर्थ. हे वाक्य मनापासून म्हटलं की माणूस मुसलमान झाला, इतकं त्याचं महत्त्व.

आता यात एक गंमत आहे. अरबीत हे वाक्य नकाराने सुरू होतं. पहिल्या दोन शब्दांचा अर्थ होतो, ईश्वर नाही. पुढचे शब्द आले की मग अल्लाहचं नाव येतं आणि अर्थ पूर्ण होतो. म्हणजे कोणी त्या दोन शब्दांवरच थांबलं, तर तो माणूस सरळसरळ नास्तिक ठरतो.

सतराव्या शतकात दिल्लीत एक फकीर नेमका तिथेच थांबायचा. त्याच्या अंगावर कपडा नसायचा, तोंडात फारसी रुबाया असायच्या आणि त्याच्याभोवती गर्दी असायची. पुढचे शब्द म्हण असं दरबारात सांगितलं, तेव्हाही तो थांबलेलाच राहिला. शेवटी जामा मशिदीजवळ त्याचा शिरच्छेद झाला.

त्याचं नाव सरमद काशानी.

त्याची गोष्ट बहुतेक वेळा दोन ओळींत संपवली जाते. सूफी कवी प्रेमळ, मुल्ला कडवे, औरंगजेब क्रूर, म्हणून सरमद मेला. पण प्रकरण एवढं सोपं नव्हतं. कारण सरमदसारखंच लिहिणारे इतर सूफी त्याच काळात जिवंत राहिले, आणि ज्या बादशहाच्या राज्यात सरमदचं शीर उतरवलं गेलं, तो बादशहा स्वतः एका सूफी संताच्या दर्ग्याच्या आवारात पुरलेला आहे. तोही आपल्याच खुलताबादला.

मग नेमकं बिनसलं कुठे?

ज्यू घरातला मुलगा, इराणचा व्यापारी

सरमदचा जन्म इराणमधल्या काशान शहरातला. साल साधारण १५९० च्या आसपासचं मानलं जातं. घराणं ज्यू होतं, आणि तेही धर्मपंडितांचं. काही लेखक त्याला आर्मेनियन म्हणतात. हिब्रू भाषेतले ज्यू धर्मग्रंथ त्याने लहानपणापासून वाचलेले. पुढे त्याने इस्लाम स्वीकारला.

त्याचं शिक्षणही साधंसुधं नव्हतं. मुल्ला सद्रा आणि मीर फिंदिरिस्की या इराणच्या दोन मोठ्या तत्त्वज्ञांकडे तो शिकला असं सांगितलं जातं. यातले मीर फिंदिरिस्की स्वतः हिंदुस्थानात येऊन गेलेले, आणि योगवासिष्ठाच्या फारसी भाषांतरावर त्यांनी टिपा लिहिलेल्या. म्हणजे सरमद ज्या वातावरणात वाढला तिथे एकाच धर्माची पुस्तकं वाचायची असा नियम नव्हता.

पोटापाण्यासाठी मात्र तो व्यापार करायचा. त्या काळी इराणचे व्यापारी समुद्रमार्गे सिंधमध्ये यायचे आणि मुघलांच्या राज्यात माल विकून पैसा करायचे. सरमदही तसाच आला. साल होतं १६३२ च्या आसपासचं आणि शहर होतं सिंधमधलं ठट्टा.

ठट्टा हे तेव्हा भरभराटीचं व्यापारी शहर. इथे सरमदचा धंदा वाढायचा, तो झाला उलटा.

ठट्ट्यात त्याची भेट अभयचंद नावाच्या एका हिंदू घरातल्या मुलाशी झाली आणि सरमदचा त्याच्यावर जीव जडला. इतका, की व्यापार सुटला, माल गेला, पैसा गेला आणि शेवटी अंगावरचे कपडेही गेले. मुलाच्या घरच्यांनी आधी विरोध केला. पुढे सरमदच्या मनात खोट नाही अशी वडिलांची खात्री पटली आणि त्यांनी दोघांना भेटू दिलं, असं त्या काळच्या ग्रंथात नोंदवलेलं आहे.

आज या नात्याकडे वेगवेगळ्या नजरेने पाहिलं जातं. कोणी त्याला सरळ प्रेम म्हणतं, कोणी गुरु-शिष्याचं नातं. सूफी परंपरेत मात्र यासाठी आधीपासून शब्द होते. माणसावरचं प्रेम म्हणजे इश्क-ए-मजाजी आणि ईश्वरावरचं प्रेम म्हणजे इश्क-ए-हकीकी. पहिली पायरी चढल्याशिवाय दुसरी दिसत नाही, असं अनेक सूफी कवी मानायचे.

अभयचंद पुढे सरमदकडे फारसी आणि हिब्रू शिकला. ज्यूंचा धर्मग्रंथ असलेल्या तौरातच्या सुरुवातीच्या भागाचं त्याने फारसीत भाषांतर केलं. 'दबिस्तान-ए-मजाहिब' हा सतराव्या शतकातला फारसी ग्रंथ वेगवेगळ्या धर्मांची माहिती देतो. त्यातल्या ज्यूंवरच्या प्रकरणासाठी हीच दोघं उपयोगी पडली. त्या ग्रंथाचा लेखक १६४७ साली हैदराबादला सरमदला प्रत्यक्ष भेटला होता. ठट्टा, लाहोर, मग कुतुबशाहीतलं हैदराबाद आणि शेवटी दिल्ली, असा सरमदचा प्रवास झाला.

सूफी आणि उलेमा यांचं भांडण नेमकं काय होतं?

दिल्लीत काय झालं ते समजून घ्यायचं तर आधी हे बघावं लागतं.

शरियत म्हणजे धर्माचा कायदा. नमाज, रोजा, जकात, लग्न, वारसा, पेहराव, गुन्हे आणि शिक्षा, सगळं त्यात येतं. हा कायदा समजावून सांगणारे विद्वान म्हणजे उलेमा आणि त्यानुसार निवाडा करणारा तो काजी. सूफींचा रस्ता म्हणजे तरीकत. त्यांचं म्हणणं असं की कायदा पाळणं ही सुरुवात झाली, पण ईश्वराचा अनुभव आतून यायला हवा.

आता ही दोन टोकं आहेत असं आपल्याला वाटतं, पण प्रत्यक्षात बहुतेक सूफी शरियत पाळणारेच होते. अनेक जण स्वतः उलेमा होते. अकराव्या शतकातले इमाम गझाली हे बगदादच्या निजामिया मदरशातले नावाजलेले प्राध्यापक. १०९५ मध्ये त्यांनी ती जागा सोडली, सूफी मार्ग धरला आणि पुढे दोन्हींची सांगड घालणारे ग्रंथ लिहिले. शरियत पाळणाऱ्या सूफींना बा-शरा म्हणायचे आणि तिची पर्वा न करणाऱ्यांना बे-शरा.

खरी अडचण व्हायची ती कवितेमुळे.

सूफी कवितेत दारू असते, साकी असतो, मयखाना असतो, मूर्ती असते, प्रियकराच्या केसांची बट असते. कवीच्या दृष्टीने दारू म्हणजे ईश्वरप्रेमाची धुंदी आणि साकी म्हणजे गुरू. पण ज्याच्या हातात कायद्याचं पुस्तक आहे, त्याला कवितेत दिसतं ते एवढंच की हा माणूस हराम गोष्टीचं गुणगान करतोय, मशिदीपेक्षा मयखाना बरा म्हणतोय आणि स्वतःला काफिर म्हणवून घेतोय.

त्यातही एक प्रकार सगळ्यात धोकादायक. भावावेशात सूफींच्या तोंडून जी वाक्यं निघायची त्यांना शतहियात म्हणतात. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे मन्सूर अल-हल्लाज. आपणच सत्य आहोत असं तो म्हणाला, आणि सत्य हे तर अल्लाहचं एक नाव. इसवी सन ९२२ मध्ये बगदादेत त्याला हाल करून मारण्यात आलं. त्याच्यामागे दरबारी राजकारणही होतं, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते वाक्य. त्यानंतर फारसी कवितेत मन्सूर आणि त्याचा वधस्तंभ हे कायमचे येऊन बसले. सरमदच्या रुबायांमध्येही मन्सूर पुन्हा पुन्हा येतो.

पुढे इब्न अरबी या तेराव्या शतकातल्या विचारवंताच्या लिखाणातून वहदत-उल-वजूद हा विचार पसरला. अस्तित्व एकच आहे आणि ते ईश्वराचं आहे, बाकी सगळं त्याचंच रूप, असा साधारण त्याचा अर्थ. आपल्याकडच्या अद्वैताची आठवण व्हावी असाच हा विचार. पण उलेमांपुढे यातून प्रश्न उभा राहायचा. सगळं तोच असेल तर निर्माता आणि निर्मिती यांत फरक काय उरला? पाप कोणी केलं, शिक्षा कोणाला द्यायची?

यावर सूफींमध्येसुद्धा एकमत नव्हतं. नक्शबंदी पंथाचे शेख अहमद सरहिंदी यांनी या विचाराला आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं, साधकाला सगळं एक झाल्यासारखं दिसतं, पण तसं असत नाही. गंमत म्हणजे याच सरहिंदींना त्यांनी केलेल्या आध्यात्मिक दाव्यांवरून जहांगीर बादशहाने १६१९ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत टाकलं होतं. म्हणजे कट्टर समजले जाणारे सूफीही दरबाराच्या तडाख्यातून सुटले नव्हते.

दिल्लीत दाराची साथ मिळाली

सरमद दिल्लीत आला तेव्हा शाहजहानने वसवलेलं शाहजहानाबाद अगदी नवं होतं. जामा मशिदीचं काम १६५६ साली पूर्ण झालं. तिथल्या गल्ल्यांमधून नागडा फिरणारा, विद्वानांशी वाद घालणारा आणि बसल्या बसल्या रुबाई रचणारा हा इराणी फकीर लवकरच सगळ्या शहराला माहीत झाला.

आणि त्याला एक मोठा चाहता मिळाला, शाहजहानचा थोरला मुलगा दारा शुकोह.

दारा कादिरी पंथाचा. लाहोरचे मियाँ मीर आणि त्यांचे शिष्य मुल्ला शाह बदख्शी यांना तो गुरुस्थानी मानायचा. त्याला इस्लाम आणि हिंदू तत्त्वज्ञान यांतलं साम्य शोधायचं होतं. १६५५ मध्ये त्याने 'मज्मा-उल-बहरैन' म्हणजे दोन सागरांचा संगम हे पुस्तक लिहिलं. १६५७ मध्ये काशीच्या पंडितांच्या मदतीने उपनिषदांचं फारसी भाषांतर पूर्ण केलं, ते 'सिर्र-ए-अकबर'. पण आपल्या विषयासाठी महत्त्वाचं आहे ते त्याचं आणखी एक पुस्तक, 'हसनात-उल-आरिफीन'. त्यात त्याने सूफींची अशीच वादग्रस्त वाक्यं, म्हणजे शतहियात गोळा केली होती. आपल्या बोलण्यावर लोक आक्षेप घेतात, तर मोठमोठे संतसुद्धा असंच बोलून गेलेत, हे त्याला दाखवायचं होतं.

अशा माणसाला सरमद आवडला नसता तरच नवल. दोघांमध्ये पत्रव्यवहार होता. पुढचा बादशहा दाराच होणार, असं भाकीत सरमदने केल्याचंही शहरभर बोललं जायचं.

तोवर सरमदच्या केसाला धक्का लागला नाही. तो नागडा होता, कलमा अर्धाच म्हणायचा, रुबाया तशाच होत्या. सगळं तेच होतं.

बदललं ते तख्त.

दारा गेला आणि सरमद उघडा पडला

१६५७ मध्ये शाहजहान आजारी पडला आणि चार भावांमध्ये गादीसाठी युद्ध पेटलं. १६५८ मध्ये आग्र्याजवळ सामूगढला औरंगजेबाने दाराचा पराभव केला. पुढच्या वर्षी दारा पकडला गेला. त्याला मळक्या कपड्यांत हत्तीवर बसवून दिल्लीतून फिरवण्यात आलं, तेव्हा रस्त्यावरचे लोक रडत होते असं फ्रेंच प्रवासी बर्नियेने लिहून ठेवलं आहे. त्यानंतर उलेमांच्या मताचा आधार घेऊन, दाराने धर्म सोडला असं ठरवून त्याला मारण्यात आलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. औरंगजेबाचा बाप अजून जिवंत होता, आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत. मोठा भाऊ मारलेला. म्हणजे नव्या बादशहाचा गादीवरचा हक्क कमकुवत होता. दारा धर्मभ्रष्ट होता आणि आपण धर्म वाचवला, हेच त्याचं सगळ्यात मोठं समर्थन होतं. अशा वेळी दाराला प्रिय असलेला, लोकांत मान असलेला आणि कोणाचंही न ऐकणारा फकीर राजधानीच्या रस्त्यांवर मोकळा फिरतोय, हे दरबाराला कसं चालणार?

सरमदला बोलावणं आलं. हा काळ १६६०-६१ चा. इकडे शाहिस्तेखान पुण्याच्या लाल महालात तळ ठोकून बसला होता, तेव्हाची ही गोष्ट.

पहिला आरोप नग्नतेचा. शरियतनुसार पुरुषाने बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचं शरीर झाकणं बंधनकारक आहे. काजी होते मुल्ला कवी. अरबीत कवी म्हणजे बलवान, आपल्या कविता करणाऱ्या कवीशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. कपडे का घालत नाहीस असं मुल्लांनी विचारल्यावर, काय करणार, सैतान फार बलवान आहे, अशा अर्थाचं उत्तर सरमदने दिलं आणि त्यात बलवानसाठी शब्द वापरला तो नेमका कवी! मुल्लांचंच नाव त्याने सैतानाला जोडून दिलं. मुल्ला किती भडकले असतील याची कल्पना करता येते.

हा किस्सा लोक हसून सांगतात, पण यातच सरमदची एक पळवाट बंद झाली. इस्लामी कायद्यात वेड्या माणसाला जबाबदार धरत नाहीत. ईश्वराच्या ओढीने भान हरपलेल्या फकिराला मज्जूब म्हणतात आणि त्याच्याकडे लोक साधारण त्याच नजरेने पाहतात. सरमद मज्जूब आहे असं म्हणून त्याला सोडून देता आलं असतं. पण भर दरबारात काजीच्या नावावर कोटी करणारा माणूस भानावर नाही असं म्हणणार तरी कसं?

तरी फक्त नागडेपणासाठी मृत्युदंड देणं कठीण होतं.

दुसरा आरोप एका रुबाईवरून. प्रेषित मुहम्मद एका रात्री आसमानात जाऊन आले, याला मेराज म्हणतात आणि ही मुसलमानांच्या श्रद्धेतली फार महत्त्वाची घटना आहे. सरमदच्या रुबाईचा आशय असा होता की प्रेषित आसमानात गेले नाहीत, आसमानच त्यांच्यात उतरलं. सूफी वाचकाला यात प्रेषितांची थोरवी दिसते. काजीला दिसतं ते एवढंच की हा मेराज नाकारतोय.

तिसरा प्रश्न कलम्याचा. सरमद दोन शब्दांवर थांबला. त्याने दिलेलं कारण असं सांगतात, की तो अजून नकारातच बुडालेला आहे, होकारापर्यंत पोहोचलेला नाही, मग जे अनुभवलं नाही ते तोंडाने म्हणून खोटं कसं बोलू?

हे उत्तर हवेतलं नव्हतं. सूफींच्या जिक्रमध्ये, म्हणजे नामस्मरणात, कलम्याचे दोन भाग धरतात. पहिला नफी, म्हणजे नकार. मनातल्या सगळ्या खोट्या देवांना, पैशाला, अहंकाराला बाहेर काढायचं. दुसरा इसबात, म्हणजे होकार. रिकाम्या झालेल्या जागेत फक्त ईश्वर उरतो. सरमद सांगत होता की तो पहिल्याच टप्प्यावर आहे.

पण काजीची बाजूही समजून घ्यायला हवी. कायद्याला माणसाच्या मनात शिरता येत नाही. त्याला दिसतो तो उच्चार. कलम्यातलं प्रेषितांचं नाव गळलं तर त्यांनी आणलेला कायदाच गळतो, आणि कायदा गेला तर समाज बांधायचा कशाने? शिवाय ज्याला त्याला आपापल्या अनुभवापुरता धर्म मान्य करायची मुभा दिली, तर खोटा बाबा आणि खरा संत यांत फरक कसा करणार? हे प्रश्न खोटे नव्हते. सूफींमधल्या अनेकांनाही ते पडायचे.

कायद्याला पूर्ण वाक्य हवं होतं आणि कवी अनुभव आला तेवढंच बोलणार होता. दोघांपैकी एकाला माघार घ्यावी लागणार होती. एका मित्राने शेवटच्या क्षणी सरमदला विनवलं, अंगावर कापड घे, कलमा पूर्ण म्हण, जीव वाचेल. सरमदने मन्सूरची आठवण काढली आणि ती जुनी झालेली गोष्ट आपण पुन्हा ताजी करतोय अशा अर्थाची रुबाई म्हटली, असं सांगतात.

जामा मशिदीजवळ त्याचं शीर उतरवण्यात आलं.

कारण कोणाला विचारता त्यावर अवलंबून

बर्नियेने सरमदला दिल्लीच्या रस्त्यांवर नागडं फिरताना पाहिलं होतं. त्याला तो प्रकार किळसवाणा वाटायचा. त्याच्या मते धाक आणि आमिष दाखवूनही सरमदने कपडे घालायला नकार दिला म्हणून औरंगजेबाने त्याला मारलं. इटालियन प्रवासी मनूची मात्र सगळं प्रकरण दाराशी जोडतो. औरंगजेबाने दाराबद्दल विचारल्यावर सरमदने उलट टोला दिला, असा त्याचा सूर. लोककथेत याचंच उत्तर असं येतं की दाराला कधी न संपणारं राज्य मिळालं. आणि फारसी चरित्रांमध्ये मेराज आणि कलमा पुढे येतात.

सगळ्यात जास्त उलगडा होतो तो मुल्ला शाह बदख्शी यांच्याकडे पाहिलं की.

हे दाराचे गुरू. त्यांची कविताही काही सौम्य नव्हती. शाहजहानच्या काळात काश्मीरच्या काही उलेमांनी त्यांच्या काव्यावर पाखंडाचा आरोप करून मृत्युदंड मागितला होता, तेव्हा दाराने मध्ये पडून त्यांना वाचवलं. दारा गेल्यावर औरंगजेबाने त्यांनाही बोलावलं. दाराशी नातं सरमदपेक्षा जवळचं, कविताही तितकीच वादग्रस्त. पण मुल्ला शाह यांनी नव्या बादशहाच्या राज्यारोहणावर काव्य लिहिलं. त्यांना लाहोरमध्ये राहू दिलं गेलं आणि १६६१ मध्ये ते तिथेच नैसर्गिक मृत्यूने गेले.

दोघांच्या कवितेत ईश्वराबद्दल फार वेगळं काही नव्हतं. एकाने नव्या बादशहाशी जुळवून घेतलं, दुसऱ्याने नाही.

सूफी आणि उलेमा यांच्यातलं भांडण खरं होतं, जुनं होतं आणि ते शतकानुशतकं पुस्तकांत, मदरशांत आणि मैफिलींत चालत राहिलं. बहुतेक वेळा ते शब्दांवरच थांबायचं. त्यात तलवार आली की आजूबाजूला कोणाची तरी गादी डळमळत असायची. हल्लाजच्या वेळी बगदादेत तेच होतं, सरमदच्या वेळी दिल्लीत तेच.

मरणानंतरचा सरमद

लोकांनी मात्र आपला निवाडा वेगळा दिला. सरमदचं तुटलेलं शीर उरलेला कलमा म्हणू लागलं, धड ते शीर हातात घेऊन जामा मशिदीच्या पायऱ्या चढू लागलं, तेव्हा हरेभरे शाह या पीरांचा आवाज आला आणि सरमद शांत झाला, अशी दंतकथा दिल्लीत आजही सांगतात. ती खरी की खोटी हा प्रश्नच नाही. जो कलमा दरबाराला त्याच्याकडून वदवून घेता आला नाही, तो मेल्यावर त्याने आपणहून पूर्ण केला, असं लोकांना वाटलं. त्यांनी त्याला धर्माबाहेर जाऊ दिलं नाही.

जामा मशिदीच्या पूर्वेच्या दरवाज्यासमोर त्याची मजार आहे. शेजारीच हरेभरे शाहांची. एकीच्या भिंती लाल, दुसरीच्या हिरव्या. ज्याच्यावर इस्लाम नाकारल्याचा ठपका होता त्याच्या कबरीवर मुसलमान फुलं वाहतात, हिंदूही येतात.

त्याच्या नावावर तीनशेहून अधिक फारसी रुबाया आहेत. त्या वाचल्या तर नास्तिक फारसा सापडत नाही. सापडतो तो आपल्या चुका मोजणारा, दिखाऊ धार्मिकपणावर चिडणारा आणि ईश्वराच्या दयेवर विसंबून असलेला माणूस.

औरंगजेब पुढे दख्खनमध्ये उतरला आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला. आपली कबर साधी असावी आणि ती खुलताबादला जैनुद्दीन शिराजी या चिश्ती संतांच्या दर्ग्याच्या आवारात असावी, अशी त्याची इच्छा होती. जैनुद्दीन हे बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे शिष्य आणि बुऱ्हाणुद्दीन हे दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे. निजामुद्दीनांचे आणखी एक शिष्य, फारसीत प्रेमाच्या गझला लिहिणारे अमीर हसन सिज्झी, तेसुद्धा खुलताबादलाच पुरलेले आहेत. म्हणजे औरंगजेबाला सूफी नको होते असं नाही. त्याला हुकमाबाहेरचा सूफी नको होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका विशीतल्या तरुणाने सरमदवर उर्दूत निबंध लिहिला. सत्तेच्या बाजूने फतवे देणाऱ्या काजींवर त्याने त्यात कडक टीका केली आणि सरमदला सत्यासाठी मरणारा म्हणून मान दिला. हा तरुण स्वतः इस्लामी धर्मशास्त्राचा पक्का अभ्यासक होता, पुढे त्याने कुराणाचं उर्दू भाषांतर आणि भाष्य केलं, काँग्रेसचा अध्यक्ष झाला आणि स्वतंत्र भारताचा पहिला शिक्षणमंत्रीही. त्याचं नाव मौलाना अबुल कलाम आझाद. १९५८ मध्ये आझाद गेले तेव्हा त्यांना जामा मशिदीजवळच दफन करण्यात आलं, सरमदच्या मजारीपासून अगदी थोड्या अंतरावर.